गुणगुणणारी चाके

मोटार बाळगणाऱ्या माणसाचे कान मोठे चमत्कारिक असतात. घरातून चौथ्यांदा आलेली हाक त्यांना ऐकू येत नाही. पण गाडीच्या पोटात कुठे नुसते 'खुट्ट' झाले, की गृहस्थ ताठ बसतात. अशा तयार कानांनाही हमखास चकवणारा एक आवाज आहे, तो म्हणजे चाकांची घुमघुम. ताशी चाळीसला ती हळूच सुरू होते, साठला रंगात येते आणि ऐंशीला शेजारच्या माणसाशी बोलणे अवघड करते. हल्ली हा आवाज फार ऐकू येतो तो 'लोअर' केलेल्या गाड्यांत. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालायच्या आणि गाडी जमिनीलगत आणायची, असा हा शौक.

शौक तसा जुनाच. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वंशाची तरुण मंडळी डिकीत वाळूची पोती टाकून गाड्या खाली बसवीत. १९५८ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. शौकिनांनी त्यावर पंपाने गाडी वरखाली करण्याची युक्ती काढली! हौस कायद्याला अशी सहजासहजी हार जात नाही.

आमच्या भाच्यालाही ही हौस झाली. गाडी दीड इंच खाली आली, दिसूही लागली झोकदार. काही हजार किलोमीटर झाले आणि घुमघुम सुरू झाली. पहिल्या मिस्त्रीने "बेअरिंग गेलंय" असा निकाल दिला. दोन बेअरिंगे बदलली. घुमघुम जशीच्या तशी. दुसऱ्याकडे चाकांची अलाइनमेंट केली. यंत्राच्या कागदावर सगळे आकडे हिरवे, पण आवाज कायम. शेवटी भाचा मला म्हणाला, "मामा, यंत्र खोटं बोलतंय की काय?"

यंत्र खरे बोलत होते. पण ते चाकांच्या आजच्या दिशेविषयी बोलत होते आणि टायर गेल्या काही महिन्यांची हकीकत सांगत होता.

असे पाहा. पुढच्या चाकाला दोन दांड्या धरून असतात. एक खालचा आर्म, दुसरा स्टिअरिंगचा टाय-रॉड. चाक वरखाली होताना दोन्ही आपापली कमान काढतात. नेहमीच्या उंचीला या कमानी जवळजवळ जुळतील, अशी बेतणी कारखान्याने केलेली असते. गाडी दीड इंच खाली आणली, की चाक कायमचे कमानीच्या भलत्याच टप्प्यावर जाऊन बसते. मग चाकाचा माथा थोडा आत कलतो. हा झाला कॅम्बर. शिवाय चाकाचे नाक किंचित आत किंवा बाहेर वळते. हा झाला टो. लोक दोष देतात कॅम्बरला, कारण तो डोळ्यांना दिसतो. खरा खादाड असतो टो, आणि तो दिसत नाही.

हिशेबच मांडू. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर धरा आणि त्याच्या पुढच्या व मागच्या कडेत ३ मिलिमीटरचा फरक पडला आहे असे समजा. म्हणजे दोनशेला एक. हे चाक एक किलोमीटर पुढे जाताना पाच मीटर आडवे घासले जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा, तेवढ्या प्रवासात जवळजवळ पाऊणशे कमी साडेपाचशे मीटर नुसते फरफटणे! चपलेची टाच फरपटत चालणाऱ्याच्या चपलेचे काय होते, ते आपण जाणतोच.

या फरफटीने टायरवरच्या रबरी ठोकळ्यांची एक कड झिजते, दुसरी टोकदार राहते. करवतीचे दातच म्हणा ना! हे दात रस्त्यावर एकामागून एक आपटतात आणि घुमघुम उठते. एकदा दात पडले, की चाक सरळ केल्याने आवाज लगेच जात नाही. पुढची झीज थांबते, एवढेच. सरळ चाकावर काही हजार किलोमीटर धावून दात थोडे बोथट झाले तर ठीक. नाहीतर टायरच बदलावे लागतात. भाच्याचे कोडे हेच होते.

बेअरिंग की टायर, हे घरच्या घरी ओळखता येते. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची जात बदलली, तर बहुधा टायर. रस्ता कोणताही असो, आवाज तोच राहतो, पण लांबलचक वळणावर एका बाजूला भार पडताच वाढतो किंवा दबतो, तर संशय बेअरिंगचा. दुसरी परीक्षा तळहाताची. गाडी उभी व टायर थंड असताना टायरवर हात आधी आडवा, मग उभा, दोन्ही दिशांनी फिरवावा. एकीकडून मऊ आणि उलटीकडून खरखरीत लागले, तर दात पडले असे समजावे. पुढचे टायर त्याच बाजूला मागे टाकून पाहावेत; आवाजही मागे गेला, तर मग साक्षीदाराची गरज नाही.

गाडी खाली करायचीच असेल, तर अलाइनमेंटचा खर्च स्प्रिंगांच्या खर्चातच धरावा. नव्या स्प्रिंगा काही दिवसांत थोड्या बसतात. तेव्हा ती पुन्हा तपासून घ्यावी. हवेचा दाब आधी नीट करावा आणि टो शेवटी जुळवावा, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही वाचून ठेवावे. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातला तपशील जुळेनासा होईल असा फेरफार ते मना करते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे.

आवाजाचा त्रास मात्र यातला लहान भाग. भाच्याच्या गाडीचे पुढचे चाक उतरवले, तेव्हा बाहेरून टायर छान दिसत होता. कायद्याने हवी तेवढी १.६ मिलिमीटरची नक्षी तिथे सहज होती. आतली कड मात्र गुळगुळीत झाली होती आणि एका जागी पोलादी तारा डोकावत होत्या. खाली बसलेल्या गाडीत ही कड मडगार्डच्या आड जाते. वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. त्याच टायरांवर पोरगा आठ दिवसांनी सहकुटुंब घाट उतरणार होता. म्हणून सांगतो, चाके गुणगुणू लागली, तर रेडिओ मोठा करू नका. खाली उतरा, वाका आणि टायरची आतली बाजू पाहा.