उमेदवाराची मालमत्ता आणि उमेदवाराची भूमिका

विधानसभेच्या निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला नामनिर्देशनपत्रासोबत एक शपथपत्र जोडावे लागते. त्याच्यावर कोणते फौजदारी खटले आहेत, त्याची व त्याच्या कुटुंबीयांची स्थावर-जंगम मालमत्ता किती, कर्ज किती आणि त्याचे शिक्षण कोठवर झाले, हे सारे त्यात नमूद असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे मतदाराला ही माहिती मिळू लागली आणि ती मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु उमेदवाराच्या घरात सोने किती आहे हे ज्या मतदाराला कळते, त्यालाच तालुक्यातील पाणीवाटपाविषयी त्या उमेदवाराचे मत काय, हे मात्र कळत नाही. त्यासाठी शपथपत्रात रकाना नाही. तो मतदारानेच भरून घ्यावयाचा असतो.

उमेदवार बोलत नाहीत, असे नव्हे. विकास, शेतकऱ्यांचे हित, तरुणांना रोजगार हे शब्द प्रत्येक सभेत ऐकू येतात. ज्या विधानाला कोणत्याही उमेदवाराचा विरोध असू शकत नाही, ते विधान म्हणजे भूमिका नव्हे. भूमिका म्हणजे दोन इष्ट गोष्टींमध्ये निवड करावी लागली असता कोणती आधी, हे सांगणे. धरणातील पाणी कमी पडले तर उसाला किती, ज्वारीला किती आणि पिण्यासाठी राखून किती, या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या उमेदवाराची काही मते हमखास जातात. म्हणूनच हे उत्तर सहसा दिले जात नाही.

भूमिका पारखताना पहिला प्रश्न अधिकाराचा. शेती, सार्वजनिक आरोग्य, पोलीस, स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविले आहेत. पाण्याचा विषयही मुख्यतः राज्यांचाच. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, तरी शाळांची अनुदाने आणि शिक्षकभरती यांचे निर्णय मुख्यतः राज्याच्या पातळीवरच होतात. तेव्हा परराष्ट्र धोरणावर तासभर बोलून प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पदांविषयी मौन पाळणारा उमेदवार आपल्या कामाविषयी काहीच बोललेला नसतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. या बाबतीत महाराष्ट्रापुढे स्वतःचेच एक उज्ज्वल उदाहरण आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर आकारास आली. १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि १९७९ पासून तो अंमलात आला. मात्र त्याआधीच, १९७५ मध्ये, व्यवसाय कराचा कायदा करून तिच्या खर्चाची तरतूद करण्यात आली होती. ग्रामीण भागातील मजुराला मागेल तेव्हा काम द्यावयाचे आणि त्यासाठी शहरातील कारकून, शिक्षक, वकील, व्यापारी यांच्याकडून कर घ्यावयाचा, हे राज्याने उघडपणे सांगितले. पगारपत्रकावरील ती कपात अनेकांना बोचली असेल. पण देणारा कोण आणि घेणारा कोण, याविषयी संदिग्धता नव्हती.

हीच कसोटी स्वतःच्या हिताच्या मागणीलाही लावण्याचे धैर्य सुशिक्षित मतदाराने दाखविले पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यसेवेत दाखल झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले. त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी व शिक्षकांनी मोठा संप केला. त्या मागणीमागील वार्धक्याची चिंता खरी आहे. परंतु व्यासपीठावरून तिला होकार देणाऱ्या उमेदवाराला, वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात हा भार कोणत्या खर्चाच्या जागी बसेल, हे विचारणे अगत्याचे आहे. केवळ होकारावर संतुष्ट होणारा मतदार उमेदवाराला संदिग्ध राहण्याची मुभाच देतो.

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. मग उमेदवाराच्या व्यक्तिगत भूमिकेला अर्थ काय, अशी शंका घेतली जाते. ती अंशतः रास्त आहे. परंतु पक्षादेश मतदानाला बांधतो, प्रश्न विचारण्याला नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अशासकीय विधेयक ही साधने आमदाराच्या हाती असतात, आणि पक्षाच्या बैठकीत मतभेद नोंदविण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षात ते अखेरपर्यंत राहिले. १९७२ आणि १९९५ मध्ये त्यांचा पराभवही झाला. पण त्यांना मत देणाऱ्याला आणि न देणाऱ्यालाही हा माणूस पाण्याच्या व शेतमजुराच्या प्रश्नावर कोणत्या बाजूला उभा राहील, हे ठाऊक होते. लोकप्रतिनिधीचा हिशेब मागावयाचा तर आधी एवढे तरी ठाऊक असावे लागते.

हे ज्ञान आपोआप येत नाही. गावातील चार शिक्षकांनी, कचेरीतील कारकुनांनी, महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या मतदारसंघापुरते तीन-चार नेमके प्रश्न लिहून काढावेत, प्रत्येक उमेदवाराला ते सारख्याच शब्दांत विचारावेत आणि मिळालेले उत्तर, किंवा मिळालेले मौन, तारखेसह वहीत टिपून ठेवावे. विधानसभेच्या कामकाजाचा वृत्तांत प्रसिद्ध होत असतो. पाच वर्षांनी तो आमदार पुन्हा दाराशी येईल तेव्हा वृत्तांत आणि वही शेजारी ठेवून वाचता येतील.