मुंजीचे पान परवडावे म्हणून

लाटंबार्सेत कुणाच्या घरी मुंज ठरली की शेजारीण पहिल्यांदा विचारते, ‘पानां कितलीं?’ मुहूर्त, भटजी, मांडव यांची चौकशी मागाहून होते. मला हा प्रश्न फार शहाणपणाचा वाटतो, कारण मुंजीच्या खर्चात जेवणाचा वाटा मोठा असतो आणि जेवणाच्या खर्चात पानांच्या आकड्याचा. एका पानाचा भाव किती, यावर आपण केटररशी तासभर घासाघीस करतो आणि किती पाने लागतील हे मात्र अंदाजपंचे सांगून टाकतो. पैसे जातात ते तिथे.

माझ्या भाच्याच्या मुंजीत आम्ही हेच केले. पानाला 200 रुपये ठरले, हे स्वस्त पडले म्हणून आम्ही खूश होतो. आकडा विचारला तेव्हा भाओजी म्हणाले, ‘तीनशे धरा.’ जेवले 230. ठराव 300 चा होता, त्यामुळे न जेवलेल्या 70 पानांचे 14,000 रुपये मोजावे लागले. केटररने काही फसवले नव्हते. त्याने 300 जणांचा बाजार केला होता, 300 जणांचा भात शिजवला होता. चूक आमची होती.

म्हणून आधी वही घ्या. आमच्याकडे आमंत्रण घरटी जाते, पण यादी माणशी करावी. वाड्यावरची माणसे, भावकी, सोयरे आणि नोकरीतले असे चार भाग पाडा. वाड्यावरची आणि भावकीतली माणसे जवळजवळ सगळी येतात, सोबत न मोजलेली चार मुलेही येतात. पणजी, मुंबईकडचे सोयरे निम्मे आले तरी पुष्कळ. कामाचा दिवस असेल तर नोकरीतले येतीलच असे धरू नका. असा आकडा काढला की केटररला त्याच्या ऐंशी टक्क्यांची हमी द्यावी आणि तीन दिवस आधी पक्का आकडा कळवू, असे ठरवून घ्यावे. थोडी जास्तीची पाने चांगला केटरर आपणहून धरतोच. ती किती, हे मात्र विचारून ठेवावे.

दुसरी गोष्ट दिवसाची. मुंजीचे मुहूर्त उत्तरायणात, तेच लग्नांचेही दिवस. मे महिन्यात शाळांना सुट्टी, मुंबईचे पाहुणे गावी आलेले. अशा वेळी रविवारी मुहूर्त असला की डिचोली, अस्नोडा, दोडामार्ग इथले सगळे आचारी चार महिने आधीच अडकलेले असतात. भटजींना स्पष्ट सांगावे की मधल्या वाराचा मुहूर्तही चालेल. भाव उतरवून मागण्यापेक्षा हे सोपे, आणि त्या दिवशी चांगला आचारी स्वतः हजर असतो, हाताखालचा पोरगा पाठवत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल कुटुंबांतही हीच युक्ती लागू पडते. ही मराठी बोलणारी यहुदी माणसे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याची बार मिट्झवा होते, तो सिनेगॉगमध्ये तोरा ही धर्मपोथी वाचतो आणि मग सगळ्यांचे जेवण. पण शनिवार हा शब्बाथ, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शनिवारचे जेवण शुक्रवारी सूर्यास्ताआधी शिजवून ठेवावे लागते. तोरा सोमवारी आणि गुरुवारीही वाचली जाते. तो वार धरला तर त्याच दिवशी ताजे रांधता येते. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे मांसाच्या जेवणासोबतच्या गोडात गाईच्या दुधाऐवजी नारळाचा रस घालतात. कोकणाने त्यांची ही अडचण किती सहज सोडवली! आणि जेवण निव्वळ शाकाहारी ठेवले तर नियमाप्रमाणे कापलेले मांस शोधण्याचा खर्चही वाचतो. मुंज असो की बार मिट्झवा, धर्माने घातलेला नियम अडचण न मानता आधी लिहून काढला, तर स्वैपाकाचा बेत त्यातूनच सुचतो.

आमच्या मुंजीतला असा नियम म्हणजे मातृभोजन. मुंडनाआधी बटू आईच्या ताटात शेवटचा जेवतो, आणि अष्टवर्गाचे आठ बटू त्याच वेळी पंगतीला बसतात. हे जेवण सकाळी आठ-नऊला लागते, तर केटररची गाडी दहाला येते! कितीतरी घरांत ऐन वेळी यावरून पळापळ होते, भटजी थांबतात, मुहूर्त पुढे सरकतो. ही दहा-बारा पाने घरीच रांधावीत: वरण, भात, तूप, एक भाजी, एक गोड. केटररला सांगू नये, त्याच्या हिशेबात घालू नये.

आता मुख्य जेवण. ते करवून घेण्याच्या दोन रीती. एक म्हणजे केटररला पानाच्या भावाने सगळे देणे. दुसरी जुनी, आचाऱ्याला मजुरी द्यायची आणि जिन्नस आपण भरायचे. पन्नास-साठ पानांपासून दीडशे पानांपर्यंत मला दुसरी रीत स्वस्त पडलेली दिसते, अट एवढीच की घरात बाजार करणारे एक खंबीर माणूस हवे आणि ते मुंजीच्या विधीत अडकलेले नको. बटूच्या बापाने बाजार अंगावर घेऊ नये. शंभर पानांना तांदूळ 8 ते 10 किलो, वरणाला तूरडाळ 3 किलो, असा आमच्याकडचा अंदाज आहे. आचारी नेहमी जास्त सांगतो, कारण कमी पडले तर बोल त्याला लागतो. त्याच्याकडून यादी लिहून घ्यावी आणि गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला दाखवावी. भाजी गोव्यात बेळगावहून चोर्ला घाटातून येते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर आदल्या आठवड्यात भाव पाहून ठेवले की कुठली भाजी बेतात घ्यायची ते ठरते.

बेत ठरवताना एक विनंती करते: खतखते ठेवा. अलीकडे मुंजीतही पनीर, रुमाली रोटी, तीन प्रकारचे सॅलड दिसते. त्यातले पनीर सगळ्यांत महाग, आणि म्हाताऱ्यांच्या पानात तसेच पडून राहते. खतखत्यात कांदा-लसूण नाही, म्हणजे सोवळ्यातही चालते. सुरण, रताळे, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याची कणसे, नीरफणस, जे त्या हंगामात आणि आपल्या कुळागरात असेल ते. आमच्या घरच्या दुसऱ्या एका मुंजीच्या पहाटे मागीलदारी तीन चुली पेटल्या होत्या. आत्या विळीवर बसून सुरणाच्या फोडी बोटाच्या दोन पेरांएवढ्या करत होती. बारीक केल्या तर टोपात विरघळतात, ती सांगत होती. मऊ शिजलेल्या तुरीच्या डाळीत कठीण भाज्या आधी गेल्या, मऊ नंतर. मग वाटलेले खोबरे, गूळ, आमसुले. शेवटी तिने तिरफळे थोड्या पाण्यात ठेचून ते पाणी वरून ओतले, तसा वास थेट रस्त्यापर्यंत गेला. मोठ्या टोपातले ते खतखते पनीरच्या एका भाजीपेक्षा कितीतरी कमी पैशांत झाले आणि पहिल्यांदा तेच संपले. सोबत मुगागाठी, मे असेल तर आंब्याचे सासव, सोलकढी, आणि गोडाला मणगणे. चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. मणगण्याला दूध नको, मावा नको.

नारळ मात्र कमी धरू नका. या सगळ्या बेतात नारळच मुख्य, आणि दुकानातून सुटे घेतले तर तेच महाग पडतात. आपल्या किंवा भावकीच्या माडांवरून महिनाभर आधी पाडून ठेवावेत.

केटररलाच द्यायचे ठरले तर भावात काय काय धरले आहे ते विचारावे. वाढपी, मोठी भांडी, पिण्याचे पाणी, गाडीभाडे, केळीची पाने. जीएसटी वेगळा लावणार का? नोंदणी असलेल्या केटररला बाहेरच्या जेवणावळीवर 5 टक्के लावावा लागतो, आणि 300 पानांच्या हिशेबात ती रक्कम लहान नसते. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक त्याच्या बिलावर आहे का ते बघावे. गॅस निळ्या, 19 किलोच्या सिलिंडरवर चालतो ना, हेही बघावे. घरगुती लाल सिलिंडर अशा कामाला वापरायला बंदी आहे. त्याचे वाढपी, वाजंत्री, फोटोवाला यांची पाने कुणाच्या हिशेबात, हेही आधीच बोलावे. हे विचारताना संकोच वाटतो, मलाही वाटला. पण चांगला केटरर रागावत नाही, उलट मोकळेपणाने सांगतो. चव बघायची असेल तर त्याच्या घरी नमुना खाऊ नये, तो जेवण देतोय अशा दुसऱ्या एखाद्या कार्याला आमंत्रण असेल तर तिथे शेवटच्या पंगतीला बसावे. पहिल्या पंगतीला सगळ्यांचेच जेवण चांगले असते.

मुंज देवळात करणार असाल तर आणखी थोडी चौकशी. आमच्याच पंचायतीत कासारपालला श्री कालिकेचे देऊळ आहे, दैवज्ञांतल्या अनेक घरांची ती कुलदेवता. अशा ठिकाणी बाहेरचा आचारी चालतो का, भांडी देवस्थानची मिळतात का, खरकटे कुठे टाकायचे, हे देवस्थानच्या कार्यालयात विचारून मगच केटररशी बोलावे. भांडी मिळाली तर भाव लगेच उतरतो. प्लास्टिकच्या ताटवाट्यांना 2022 च्या जुलैपासून देशभर बंदी आहेच, आणि केळीची पाने शेजारच्या बागेतून येत असतील तर दुसरे काही शोधायची गरजही नाही.

पानांचा एक उपयोग फार कमी लोक करतात. आणलेली पाने मोजून एका जागी ठेवावीत आणि शेवटची पंगत उठली की उरलेली मोजावीत. 300 आणली, 70 उरली, म्हणजे 230 जेवले. फाटलेली दहा-पाच वजा करा. हा आकडा केटररसमोरच काढावा, त्याच्या मोजणीशी ताडून बघावा आणि हिशेब तिथेच मिटवावा. दुसऱ्या दिवशी कुणालाच नीट आठवत नसते.

आणि उरलेले जेवण चार वाजायच्या आत वाटून टाकावे. मेच्या उकाड्यात नारळाचे वाटप घातलेले काहीही संध्याकाळपर्यंत टिकत नाही. वाड्यावरच्या ज्या घरांतली म्हातारी माणसे येऊ शकली नाहीत, तिथे डबे आधी पाठवावेत. आमच्या आत्याने त्यासाठी खतखत्याचा एक छोटा टोप सकाळीच बाजूला काढून ठेवला होता.