मँगनीज नव्हे, मॅग्नेशियम!

नागपुरात मॅग्नेशियमचा विषय काढला की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे आपल्या मॉयलचंच ना?" नाही हो. मॉयल ही कंपनी मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींतून काढते ते मँगनीज, आणि त्याचा बराचसा भाग पोलादाच्या कामी येतो. मॅग्नेशियम हा धातूच वेगळा. घनसेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमहूनही तिसऱ्या हिश्श्याने हलका.

दुसरा गैरसमज शाळेतला. चिमट्यातली मॅग्नेशियमची फीत डोळे दिपवत जळताना पाहिली की हा धातू म्हणजे फटाकाच, असं मनात बसतं. फीत पेटते ती पातळ म्हणून. जाड ठोकळ्याला ज्योत लावली तर उष्णता आत पसरत जाते. शुद्ध मॅग्नेशियम वितळतं ६५० अंशांना, आणि ठोकळा त्याच्या जवळपास तापल्याशिवाय सहसा पेटत नाही. धास्ती बाळगायची ती लेथखाली साचलेल्या बारीक किसाची. तो पेटला तर पाण्याची बादली उचलू नका: पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग आणखी भडकते. धातूच्या आगीसाठीची पावडर, निदान अगदी कोरडी वाळू हाताशी हवी.

मॅग्नेशियमची निकेलशी तुलना केली की ऐकू येणारं "निकेल जड, म्हणून मजबूत" हेही अर्धंच खरं. निकेलच्या इंकोनेल-७१८ या मिश्रधातूची घनता ८.२, तर मॅग्नेशियमच्या एझेड-९१ या मिश्रधातूची १.८. सारख्याच लांबी-रुंदीच्या आणि सारख्याच वजनाच्या दोन पट्ट्या केल्या तर मॅग्नेशियमची साडेचार पट जाड होते. न वाकण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. त्यामुळे मॅग्नेशियम मुळात लवचीक असूनही ती पट्टी जवळपास वीसपट ताठ ठरते. गिअरबॉक्सच्या कव्हरला हेच तर हवं असतं.

गरम झालं की मात्र डाव उलटतो. एझेड-९१ दीडशे अंशांच्या आतच ताणाखाली हळूहळू सरकू लागतं. इंकोनेल-७१८ साडेसहाशेपर्यंत दम धरतं. नागपूरच्या मिहानमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या बोइंग विमानांच्या इंजिनांत टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूंची असतात. ती वितळत नाहीत याचं सगळं श्रेय धातूला देऊ नये. भोवतालचा वायू त्यांच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असू शकतो. पात्यांच्या आतून खेळवलेली थंड हवा आणि वरचा सिरॅमिकचा थर त्यांना वाचवतो.

निकेल म्हणजे चुंबकाला चिकटणारच? १९५०चा निकेलचा रुपया चिकटतो. इंकोनेल-७१८ मात्र चुंबकाला दाद देत नाही. त्यात मिसळलेलं क्रोमियम निकेलचा तो गुण मारतं.

राहिला गंज. "मॅग्नेशियम पावसाळ्यात टिकत नाही" ही बदनामी बरीचशी त्यातल्या लोखंड, तांबं आणि निकेलच्या अंशांमुळे झाली. एझेड-९१च्या शुद्ध प्रकारात, एझेड-९१डीमध्ये, निकेल ०.००२ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. बाहेरून दुसरा धातू टेकला तरी ओलाव्यात तेच दुखणं सुरू होतं. म्हणून मॅग्नेशियमच्या कव्हरवर स्टीलचा बोल्ट आवळताना मध्ये ॲल्युमिनियमचा वॉशर घालतात.