समजून घ्या : वरातीतल्या सूसाफोनचा ‘सूसा’ कोण? डीजेच्या कितीतरी आधी, १९०६ मध्येच त्याने दिला होता इशारा

ब्राह्मणपुरी (ता. शहादा, जि. नंदुरबार) : लग्नसराई जवळ आली की शहादा तालुक्यातल्या घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा बँड सांगायचा की डीजे? बँड सांगितला तर वरातीत एक वाद्य लांबूनच नजरेत भरते. वादकाच्या अंगाला वेढा घातलेली जाड नळी, डोक्याच्याही वर परातीएवढे तोंड आणि अनेकदा त्यावर रंगवलेले बँडचे नाव. पोरेटोरे त्याला ‘भोंगा’ म्हणतात. त्याचे खरे नाव सूसाफोन. हे नाव एका अमेरिकन संगीतकाराचे आहे. विशेष म्हणजे ‘यंत्र आले की वादकाचे काय होणार?’ हा प्रश्न त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी थेट अमेरिकी संसदेपुढे मांडला होता.

कोण होता हा सूसा?

जॉन फिलिप सूसा याचा जन्म ६ नोव्हेंबर १८५४ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. आडनाव पोर्तुगीज. गोव्यातले डिसूझा आणि हा सूसा, दोघांच्या आडनावाचे मूळ एकच. वडील अमेरिकी नौसैनिकांच्या ‘मरीन बँड’मध्ये ट्रॉम्बोन वाजवत. पोरगा सर्कशीच्या बँडबरोबर पळून जायच्या बेतात आहे हे कळताच त्यांनी तेराव्या वर्षीच त्याला मरीन बँडमध्ये उमेदवार म्हणून भरती केले. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे तो याच बँडचा प्रमुख होता. त्यानंतर त्याने स्वतःचा बँड काढला आणि जवळपास चाळीस वर्षे तो अमेरिका, युरोपसह जगभर फिरवला.

सूसाने शंभराहून अधिक मार्च लिहिले. मार्च म्हणजे संचलनाच्या पावलांवर बसणारी, ठसक्याची वाद्यरचना. त्यामुळे त्याला ‘मार्चचा राजा’ म्हटले जाते. ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’ ही त्याची सर्वात प्रसिद्ध रचना. १८९६ च्या अखेरीस युरोपातून परतताना जहाजावरच ती त्याच्या डोक्यात तयार झाली. १९८७ मध्ये तिला कायद्याने अमेरिकेच्या ‘राष्ट्रीय मार्च’चा दर्जा मिळाला. त्याचा ‘द लिबर्टी बेल’ हा १८९३ चा मार्च पुढे ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मालिकेचे शीर्षकसंगीत म्हणून जगभर पोहोचला.

पण हे शास्त्रीय संगीत आहे का?

सूसाला शास्त्रीय परंपरेच्या उंबरठ्यावरचा संगीतकार म्हणता येईल. मार्चबरोबर त्याने ‘एल कॅपिटन’सारखी संगीतनाटकेही लिहिली. ज्या छोट्या गावांत ऑर्केस्ट्रा कधी पोहोचला नव्हता, तिथे त्याच्या बँडने वाग्नरसारख्या युरोपीय संगीतकारांच्या रचना नेल्या. तिकीट काढून आलेला शेतकरी एकाच बैठकीत मार्चही ऐकायचा आणि ऑपेराचा तुकडाही.

सूसाफोन कसा तयार झाला?

त्या काळी चालता चालता वाजवायला ‘हेलिकॉन’ नावाचे खर्जाचे वाद्य होते. त्याचा आवाज सरळ एका दिशेला जाई आणि बाकीच्या वाद्यांवर चढे. सूसाला तो आवाज वर जाऊन सगळ्या बँडवर पसरायला हवा होता. त्याच्या सूचनेवरून १८९० च्या दशकात हे नवे वाद्य बनवले गेले. सुरुवातीला त्याचे तोंड थेट आकाशाकडे असे, म्हणून लोक त्याला गमतीने ‘पाऊस धरणारा’ म्हणत. आज वरातीत दिसतो तो पुढे तोंड असलेला प्रकार नंतरचा. नळीचे वेढे उलगडून सरळ केले तर लांबी सुमारे १८ फूट भरते. पितळी वाद्य इतके जड असते की तास-दोन तास खांद्यावर घेऊन चालणे हीच मोठी मेहनत. म्हणून पुढे फायबरचे हलके सूसाफोनही आले.

ते आपल्या वरातीत कसे आले?

पितळी वाद्यांचा बँड आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. पलटणीतून बाहेर पडलेल्या वादकांनी शहरांत बँड काढले, संस्थानिकांनी दरबारी बँड ठेवले आणि हळूहळू हा बाजा लग्नाच्या मिरवणुकीत शिरला. उत्तर प्रदेशातल्या मेरठ शहरातील जाली कोठी हा भाग आजही बँडच्या वाद्यांचे मोठे केंद्र आहे. तिथे सूसाफोनही बनतो. आपल्या अनेक बँडमध्ये तो वाजतो कमी आणि मिरवतो जास्त. चाल ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि युफोनियमवर निघते, ताल ढोल-ड्रमवर.

खान्देशात तर बँडचे रूप आणखी बदलले. सजवलेल्या गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, माइक आणि स्पीकरच्या भिंती असतात. समोर अहिराणी गाण्यावर किंवा आदिवासी भागातल्या टिमलीवर नाच चालतो. जिथे पूर्वी पितळी वाद्यांची रांग लागायची, तिथे एक कीबोर्डवाला अनेकांचे काम करतो. डीजे आला तर तोही लागत नाही. एक ऑपरेटर पुरतो.

१९०६ चा इशारा काय होता?

तेव्हा अमेरिकेत ग्रामोफोन आणि आपोआप वाजणारे पियानो घरोघर पोहोचत होते. १९०६ मध्ये सूसाने ‘ॲपलटन्स मॅगझिन’मध्ये ‘यांत्रिक संगीताचा धोका’ अशा आशयाचा लेख लिहिला आणि त्याच वर्षी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे :

• यंत्र घरात आले की मुले वाद्य शिकायचे कष्ट घेणार नाहीत.
• अंगणात, ओसरीवर एकत्र बसून गाणे बंद होईल.
• गावोगावचे हौशी बँड संपतील.
• कंपन्या रेकॉर्ड विकून पैसा करतील, ज्याची रचना आहे त्याला काहीच मिळणार नाही.

अशा संगीताला तो ‘डबाबंद संगीत’ म्हणे. यातली गंमत अशी की त्याच्याच बँडच्या रेकॉर्ड तेव्हा भरपूर खपत होत्या! रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र तो स्वतः क्वचितच उभा राही. ते काम बहुतेक वेळा सहकारी पाहत.

मग कायद्याने काय दिले?

१९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पियानोचे छिद्रांकित कागदी रोल म्हणजे रचनेची ‘प्रत’ नव्हे, असा निकाल दिला. म्हणजे संगीतकाराच्या हाती भोपळा. पुढच्याच वर्षी, १९०९ च्या कॉपीराइट कायद्याने ही चूक दुरुस्त केली. प्रत्येक यांत्रिक प्रतीमागे संगीतकाराला दोन सेंट देणे बंधनकारक झाले. आजच्या रॉयल्टीच्या वादांची मुळे तिथपर्यंत जातात.

पण नीट पाहिले तर हा पैसा रचना करणाऱ्याला मिळाला. ज्याची सुपारीच गेली, त्या गावातल्या वादकाला या कायद्याने काही दिले नाही.

भारतात लग्नात गाणी वाजवायला परवाना लागतो का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक समारंभात संगीत वाजवणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर समारंभ यात येतात, असे स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाने जुलै २०२३ मध्ये नोटीस काढून याची आठवणही करून दिली. गोवा सरकारचे याच विषयावरचे परिपत्रक ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. कलम मात्र कायम आहे.

ही सवलत बँडला आहे तशीच डीजेलाही आहे. आवाजाचे नियमही दोघांना सारखेच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. थोडक्यात, बँड की डीजे हे कायदा ठरवत नाही, सुपारी देणारे घर ठरवते.

सूसाचे भाकीत खरे ठरले का?

अर्धे. रेडिओ, बोलपट आणि रेकॉर्डमुळे अमेरिकेतले गावोगावचे बँड खरेच रोडावले. सूसाने स्वतःही १९२९ मध्ये रेडिओवर कार्यक्रम केले. पण सूसाफोन तिथे संपला नाही, कारण शाळा-कॉलेजांनी तो उचलला. तिथल्या असंख्य हायस्कूलमध्ये आजही संचलनाचा बँड असतो आणि मुले अभ्यासाबरोबर ट्रम्पेट, ड्रम, सूसाफोन शिकतात.

आपल्याकडे ही विद्या बहुतेक घरातल्या किंवा बँडमधल्या जुन्या वादकाकडूनच पुढे जाते. हंगाम लग्नतिथींपुरता. उरलेले महिने अनेकांना मजुरी किंवा दुसरे काम शोधावे लागते. २०२० मध्ये टाळेबंदीत ऐन लग्नसराई बुडाली, तेव्हा या पोटापाण्याचा आधार किती कच्चा आहे ते दिसले. बापाने ट्रम्पेट खाली ठेवला आणि पोराने उचलला नाही, तर तो शिकवणारी दुसरी जागा गावात नसते. शाळेच्या बँडपथकात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ड्रम वाजतात. तिथे आठवड्यातून एकदा गावातल्याच बँड मास्तरला बोलावले, तर ही विद्या घराबाहेरच्या मुलांपर्यंतही जाईल आणि मास्तरलाही हंगामाबाहेर चार पैसे मिळतील.

ऐकायचे असेल तर : पाच अमेरिकन रचना

• सूसा, ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’ : साडेतीन मिनिटे. शेवटी पिकोलो या छोट्या बासरीची गिरकी ऐका.
• जॉर्ज गर्श्विन, ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ (१९२४) : सुरुवातीची क्लॅरिनेटची मींड आपल्या बँडवाल्यांनाही ओळखीची वाटेल.
• आरन कोपलँड, ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ (१९४२) : फक्त पितळी वाद्ये आणि तालवाद्ये. सामान्य माणसाला दिलेली सलामी.
• सॅम्युअल बार्बर, ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ : शोकाचे सूर. ‘प्लाटून’ चित्रपटात वापरलेले.
• फिलिप ग्लास, ‘सत्याग्रह’ (१९८०) : दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींवरचा ऑपेरा. शब्द भगवद्गीतेतले, तेही मूळ संस्कृतात. ग्लास यांनी त्याआधी पॅरिसमध्ये पंडित रविशंकर यांच्याबरोबर काम केले होते.

सूसाचा मृत्यू ६ मार्च १९३२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग शहरात झाला. तिथल्या स्थानिक बँडची तालीम घेऊन तो नुकताच परतला होता. तालमीत शेवटी वाजलेली रचना होती ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’. वय ७७.