दारातला बास कुठे जातो?

गाडीत महागडे स्पीकर बसवले, तरी ढोलाचा ठोका घुमत नाही. दोष बहुतेकदा स्पीकरचा नसतो, दाराचा असतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे दारापेक्षा कितीतरी मोठी; त्यामुळे दाराच्या आतल्या पत्र्यातल्या मोठ्या भोकांतून मागची लहर सहज पुढे येते आणि दोघी एकमेकींना खोडतात. ती भोकं ब्युटाइलच्या शीटने बंद करावीत, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावावी. तळाशी पाण्याचा निचरा करणारी छिद्रं मात्र कधीच बुजवू नयेत, पत्रा गंजतो. एकाच स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या असतील, तरीही बास असाच विरतो. हे सगळ्यांत आधी तपासा, त्याला खर्च नाही.