रिपोर्ट चांगले, तरी माणूस उठत नाही

हार्ट अटॅकमधून वाचलेल्या दर पाच जणांपैकी साधारण एकाला पुढे नैराश्य येतं, तेही उपचार लागावेत इतकं. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतं. तरीही डिस्चार्ज कार्डावर रक्त पातळ करणाऱ्या गोळीपासून मिठाच्या पथ्यापर्यंत सगळं लिहिलेलं असतं, मनाबद्दल एक ओळ नसते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिशियन म्हणून ओपीडी चालवते आणि मनाकडे होणाऱ्या या दुर्लक्षापायी माणसं किती खचतात, ते रोज पाहते.

माझ्याकडे एसटीचे एक चालक यायचे. अँजिओप्लास्टी झालेली, इको चांगला, शुगर नाही. समोर बसले की त्यांची दोन बोटं आपसूक डाव्या मनगटावर जायची. मी औषधं समजावत असायची आणि ते नाडी मोजत असायचे. बायको म्हणाली, "मॅडम, ह्यांचं कशातच मन लागंना. नातू जवळ आला तरी तोंड फिरवून झोपत्यात." मी त्यांना झोपेचं विचारलं. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "पसरणीच्या घाटात रातचं गाडी काढलीया, कधी भ्या वाटलं न्हाई. आता न्हाणीची कडी लावायचं भ्या वाटतंय. आत पडलो तर दार कोण उघडणार?" महिनाभर ते दार नुसतं लोटून अंघोळ करत होते आणि हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

अशा वेळी नातेवाईक म्हणतात, "एवढं मोठं दुखणं झालंय, वाटणारच." डॉक्टरही तेच म्हणतात. या वाक्याची मला चीड आहे. ते मायेनं म्हटलं जातं, पण उपचार तिथेच थांबतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, सोडलेली तंबाखू पुन्हा मळायला लागतो. शिवाय सततच्या ताणानं शरीरातली ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात आणि रक्तातल्या प्लेटलेट्स लवकर चिकटतात. म्हणजे मनाचं दुखणं पुन्हा हृदयावरच येऊन आदळतं.

उलट, सगळंच मनावर ढकलणंही धोक्याचं. थायरॉइड कमी पडला की माणूस सुस्त आणि उदास होतो. बी-१२ची कमतरता आपल्याकडे शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते, तीही असंच रूप घेते. स्टिरॉइडनं मूड बिघडतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी सायक्लोसेरीन देतात, त्यानं काहींना तीव्र नैराश्य किंवा भ्रम होतात. अशा रुग्णाला "धीर धरा" सांगून भागत नाही, गोळीचा विचार करावा लागतो. तो डॉक्टरांनीच करायचा, रुग्णानं परस्पर औषध बंद करायचं नाही.

ओळखायचं कसं? गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस कशातच रस वाटला नाही का, आणि बहुतेक दिवस उदास, हताश वाटलं का, एवढे दोन प्रश्न आधी पुरतात. उत्तर 'हो' आलं तर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आहे. २७पैकी १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी. मराठी येणारी सिस्टर हे पाच मिनिटांत करून घेते. उपचार आहेत आणि ते लागू पडतात. समुपदेशन आहे, गोळ्या आहेत. सर्ट्रालीन हृदयरुग्णांनाही सुरक्षितपणे देता येतं. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडायचं नाही. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, त्या वेगळ्या. चालककाकांना गोळीबरोबर रोजचं मोजून चालणं दिलं. दोन-अडीच महिन्यांनी बायकोनंच सांगितलं, कडी लागायला लागली.

आता आम्हा डॉक्टरांबद्दल. माझी एक मैत्रीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कोविडमध्ये ती स्वतः ऑक्सिजनवर होती. बरी झाली, पण पुढे थिएटरमध्ये मास्क चढवला की तिला धडधडायचं, घाम फुटायचा. तिनं सॅम्पलच्या कपाटातली झोपेची गोळी घ्यायला सुरुवात केली. गावातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या वेटिंगमध्ये बसली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. शेवटी ती दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन दाखवून आली. सगळ्यांना हे जमत नाही. लंडनमध्ये २००० साली डॉ. दक्षा एम्सन या भारतीय वंशाच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर स्वतःच्या मानसिक आजारात तान्ह्या मुलीसह गेल्या. आजाराचा कलंक लागेल म्हणून त्यांनी तो लपवला होता. त्यानंतर चौकशी झाली आणि २००८ साली तिथे डॉक्टरांसाठी गोपनीय उपचारसेवा सुरू झाली.

आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलानं २०२४ साली अहवाल दिला. सर्वेक्षणात भाग घेतलेल्या एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पीजीच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. रेसिडेंटना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, अशी शिफारसही त्यात आहे. ती प्रत्येक वॉर्डात पाळली गेली पाहिजे. ज्या मुलाला दोन रात्री झोप नाही, तो पेशंटच्या झोपेची चौकशी कुठून करणार?

घरात कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं असेल तर ते दोन प्रश्न आज विचारा आणि उत्तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरणं बंधनकारक केलं आहे, ते पॉलिसीत तपासून घ्या. आणि रात्री-अपरात्री जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनाही तो तितकाच खुला आहे.