लॅपटॉप म्हातारा नाही, दमलाय!

बटण दाबा, चहा टाका, चहा पिऊन कप विसळून ठेवा... तरी स्क्रीनवरचं ते छोटं वर्तुळ गोल गोल फिरतंच आहे. ओळखीचं वाटतंय? मग तुमच्याकडेही बहुधा तोच 'बजेट' लॅपटॉप आहे. २०१८-१९च्या सुमाराला त्याचा मेनू जवळपास ठरलेला असायचा. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. '१ टीबी' ऐकूनच आपण खूश! आज तोच गडी ब्राउझरचे चार टॅब उघडले की मान टाकतो.

मग डोक्यात पहिला विचार येतो, 'जाऊ दे, नवा घेऊन टाकू. ईएमआय आहेच की!' जरा थांबा. कार्ड पाकिटात ठेवा आणि आधी लॅपटॉपला नेमकं कुठे दुखतंय ते बघा.

सवाल फीचा होता

माझा धाकटा भाऊ कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्ट करायचा. त्याला डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स करून लाइन बदलायची होती. जमवलेले पैसे २५ हजार, कोर्सची फी १८ हजार. आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप रडायला लागला. एका सर्व्हिस सेंटरवाल्याने न उघडताच सांगून टाकलं, 'जुना झालाय, नवाच घ्या.' नवा म्हणजे ४० हजारांच्या पुढे.

'ताई, कोर्स पुढच्या वर्षी बघू. आधी लॅपटॉप घेतो,' तो म्हणाला. त्याचं तोंड बघून मला राहवेना. 'पुढच्या वर्षी' म्हणजे काय, हे नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!

दोन मिनिटांचं चेकअप

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा आणि रोजचं काम सुरू करा. मेल, एक्सेल, व्हिडिओ कॉल, जे काही असेल ते. आता आकडे बघा.

डिस्क सारखी १०० टक्क्यांवर? दोषी हार्ड डिस्क. मेमरी ९० टक्क्यांच्या वर? रॅम कमी पडतेय. आणि हे दोन्ही निवांत असून सीपीयूच १०० टक्क्यांवर? मग प्रोसेसरचाच दम संपलाय. हल्लीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो, म्हणजे बदलायचा विषयच नाही. भावाच्या लॅपटॉपवर डिस्क १००, मेमरी ९२ आणि सीपीयू जेमतेम ३०. म्हणजे पेशंट धडधाकट, फक्त श्वास अडकलेला.

पहिला नंबर एसएसडीचा

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० वेळा, आणि एक छोटा दांडा तिच्यावर इकडून तिकडे धावत माहिती शोधतो. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइल्स लागतात आणि दांड्याची धावपळ होते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळा चिपचा मामला. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, तर जुनी डिस्क साधारण १००. पण खरा फरक त्या बारीक फाइल्स शोधण्यात पडतो. म्हणून एकच गोष्ट बदलायचं बजेट असेल आणि तुमच्याकडे हार्ड डिस्क असेल, तर डोळे मिटून एसएसडी घ्या.

घेताना मात्र डोळे उघडे हवेत! अडीच इंची साटा बसते की एम-डॉट-टू, आणि एम-डॉट-टू असेल तर तो स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा, हे मॉडेल नंबरवरून तपासा. स्लॉटमध्ये बसली म्हणजे चाललीच, असं नसतं.

मग रॅम

डीडीआर-थ्री, फोर आणि फाइव्ह एकमेकांच्या जागी बसत नाहीत, प्रत्येकाची खाच वेगळी असते. रिकामा स्लॉट असेल तर आधीच्या ४ जीबीसोबत ८ जीबी टाकून १२ करता येते. दोघींचा वेग वेगळा असेल तर हळू असलेलीच्या वेगाने दोघी चालतात, बस्स. काही स्लिम लॅपटॉपमध्ये रॅमही सोल्डर केलेली असते. तिथे हात जोडायचे.

मे २०२५मधल्या एका शनिवारी आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. (दिल्लीकर मराठी मंडळींसाठी नेहरू प्लेस, बेंगळुरूकरांसाठी एसपी रोड.) दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, 'मॅडम, मॉडेल नंबर?' तिथेच माणूस कामाचा आहे हे कळलं. ५०० जीबी एसएसडी ३,०००, ८ जीबी रॅम १,७००, बसवणावळ ४००. एकूण ५,१०० रुपये.

आज हाच आकडा धरून निघू नका. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सकडून चिपची मागणी एवढी वाढली, की रॅम आणि एसएसडी दोन्ही चांगल्याच महागल्या. त्या दिवसाचा भाव दोन-तीन दुकानांत विचारा आणि बिल घ्याच, वॉरंटी त्यावरच मिळते.

स्क्रू काढण्याआधी

- सगळ्या डेटाचा बॅकअप घ्या. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.
- वॉरंटी बाकी असेल तर उघडल्यावर ती राहते का, हे कंपनीला विचारा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि आयटीवाल्यांना गाठा.
- उघडलाच आहे तर पंख्यातली धूळ काढून घ्या. बॅटरी फुगलेली दिसली तर लॅपटॉप वापरणं तिथेच थांबवा आणि आधी ती बदला.
- जुनी हार्ड डिस्क फेकू नका. काहीशे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घातली की फोटोंच्या जादा कॉपीसाठी मस्त.

कुठे थांबायचं?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यात बसत नसाल तर लिनक्स वापरायची तयारी ठेवा, नाहीतर पैसे नव्या लॅपटॉपसाठी राखून ठेवा. बिजागरी तुटलेली, स्क्रीनवर रेघा, वर प्रोसेसरही थकलेला, अशा पेशंटवर हजारो रुपये घालण्यात अर्थ नाही.

भावाचा लॅपटॉप आठव्या पिढीचा निघाला आणि वाचला. आता तो अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. व्हिडिओ एडिटिंग त्यावर होणार नाही, पण एक्सेल, पॉवर बीआय आणि क्लासचा व्हिडिओ कॉल एकत्र चालतात. त्याला तेवढंच हवं होतं. मुख्य म्हणजे त्याने फी त्याच आठवड्यात भरली, कोर्स पूर्ण केला आणि हल्ली तो मुलाखती देत सुटलाय. त्याच्या बायोडेटावर जे नवं आलंय ते कोर्समुळे. नव्या लॅपटॉपचा हप्ता तिथे कुणी बघत नाही!